भाकरीचे माहेर

ज्वारीची भाकरी मूळची आपली नव्हे, असे कोणी म्हटले तर सोलापूरकडचा माणूस भांडायलाच उठेल. बाजरीविषयी तेच म्हटले तर नगरकर त्याच्या मदतीला धावेल. पण गोष्ट खरी आहे. ज्वारी माणसाने शेतात पेरली ती पूर्व सुदानच्या माळावर, सुमारे ५००० वर्षांपूर्वी. बाजरी उपजली पश्चिम आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर. जिच्या भाकरीवर आणि आंबिलीवर कोकणातल्या कितीतरी पिढ्या पोसल्या, ती नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातली. चवळीही तिकडचीच. ही सारी धान्ये सुमारे ४००० वर्षांपूर्वी इकडे आली आणि आपल्या मातीत अशी रुजली की, आता त्यांना परकी म्हणवत नाही. लेक सासरी रुळली की तिचे माहेर कोणते हे शेजारीपाजारी विसरून जातात, तसेच हे झाले आहे.

चिंचेची कथा याहून मौजेची. झाड उष्ण आफ्रिकेतले. पण अरब व्यापाऱ्यांनी तिचे नाव ठेवले ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. त्यावरून इंग्रजी ‘टॅमरिंड’ आले. झाड एकाचे आणि नाव दुसऱ्याचे! आफ्रिकेच्या बाबतीत जगाने हाच व्यवहार पुष्कळदा केला आहे.

भाकरीची आणि चिंचेची गोष्ट फार जुनी. मला आज सांगायची आहे ती त्या मानाने ताजी, गेल्या सहा-सातशे वर्षांतली. शाळेच्या पुस्तकांतून आपल्या मनावर जे चित्र ठसले आहे ते असे : युरोपात विद्येचा उदय झाला, दर्यावर्दी निघाले, यंत्रे आली, गिरण्या धडधडू लागल्या आणि आजचे जग तयार झाले. या चित्रात आफ्रिकेला जागा आहे ती दोनच ठिकाणी. एक, लिव्हिंग्स्टन आणि स्टॅन्ले यांनी ‘शोधून काढलेले’ काळोखे खंड म्हणून. आणि दुसरी, साखळदंडात जखडलेल्या गुलामांची जन्मभूमी म्हणून. म्हणजे आफ्रिकेने स्वतः काही केले नाही. तिचे जे काही केले ते दुसऱ्यांनीच!

मी मराठीचा अध्यापक. इतिहास हा माझा विषय नव्हे. पण शब्दांच्या मागे लागले की ते माणसाला कोठे घेऊन जातील याचा नेम नसतो. असाच एक शब्द आपल्या सराफकट्ट्यावर आहे.

गिनीचे सोने

‘गिनी सोने’ हा शब्द जुन्या सराफांच्या तोंडी अजून ऐकू येतो. आपल्या आज्यांच्या डब्यात एखादी गिनी असली तर ती घराण्याची शान समजली जाई. ही गिनी म्हणजे काय? १६६३ साली इंग्लंडच्या टांकसाळीने सोन्याचे एक नवे नाणे पाडले. त्याचे सोने पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून येई, म्हणून लोक त्याला ‘गिनी’ म्हणू लागले. कित्येक नाण्यांवर राजाच्या मुखवट्याखाली एक बारीकसा हत्ती कोरलेला असे. आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या ज्या कंपनीने ते सोने आणले तिचे ते चिन्ह. हत्ती पुढे नाहीसा झाला. नाव तेवढे उरले.

त्या सोन्याची कीर्ती त्याहूनही जुनी. १३२४ साली माली साम्राज्याचा राजा मन्सा मुसा मक्केच्या यात्रेला निघाला. वाटेत कैरोला त्याने सोन्याची इतकी खैरात केली की, त्या शहरात सोन्याचा भाव उतरला आणि कित्येक वर्षे उतरलेलाच राहिला. ही बातमी युरोपात पोहोचली. १३७५ च्या सुमारास स्पेनजवळच्या मायोर्का बेटात काढलेल्या एका प्रसिद्ध नकाशात आफ्रिकेच्या पोटात एक राजा बसलेला दिसतो. डोक्यावर मुकुट, हातात सोन्याचा गोळा. नकाशा पाहणाऱ्याने कोठे जावे हे सांगायला आणखी काय हवे?

पोर्तुगीज मिऱ्यांच्या शोधात निघाले असे आपण वाचतो. मिरी नंतरची. आधी त्यांना हवे होते ते हे सोने. १४१५ साली त्यांनी आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचे सेउटा घेतले, मग वर्षानुवर्षे किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत ते आजच्या घाना देशाच्या किनाऱ्याला लागले, आणि तेथे १४८२ साली त्यांनी एल्मिनाचा किल्ला बांधला. ‘मिना’ म्हणजे खाण. कोलंबसनेही तो किल्ला पाहिला होता. तेथून जाणाऱ्या सोन्याने पोर्तुगालच्या राजाची तिजोरी भरली, आणि तिच्या बळावर पुढच्या सफरी निघाल्या. वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ साली. तोवर एल्मिनाचा किल्ला सोळा वर्षांचा झाला होता. आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून कालिकतपर्यंतचा समुद्र ओलांडायला त्याला वाटाड्या मिळाला तोही मालिंदीच्या राजाकडून. मालिंदी म्हणजे आजच्या केनियातले बंदर.

साखरेचा गोडवा

साखर ही मूळ आपल्याकडची विद्या. ‘शर्करा’ या शब्दाचेच रूप बदलत बदलत ‘शुगर’ झाले. पण शतकानुशतके युरोपात साखर ही राजेरजवाड्यांची चैन होती. औषधासारखी मोजून विकली जाई. तीच साखर लंडनच्या हमालाच्या चहात कशी आली?

तिची सुरुवात आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे या लहानशा बेटावर झाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांनी तेथे उसाचे मळे लावले आणि खंडावरून पकडून आणलेली माणसे त्यांवर राबविली. हा नमुना तेथून ब्राझीलला गेला, मग वेस्ट इंडीजच्या बेटांवर. ऊस तोडला की एक-दोन दिवसांत पिळावा लागतो, नाही तर रस नासतो. म्हणून तोडणीच्या दिवसांत चरक रात्रंदिवस चालत. तोडणारी टोळी वेगळी, चरकावरची वेगळी, कढईवरची वेगळी. पाळ्या ठरलेल्या आणि विसाव्याची सोय नाही. गिरणीकामगाराची जी शिस्त आपण मँचेस्टरशी जोडतो, ती त्याआधी दीड-दोनशे वर्षे या मळ्यांवर आसुडाच्या धाकाने चालू होती.

१५०१ ते १८६६ या काळात सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली. त्यांतली जवळजवळ अठरा लाख वाटेतच मेली. १८२० पर्यंत अटलांटिक ओलांडून अमेरिकेकडे गेलेल्या दर चार माणसांपैकी सुमारे तीन आफ्रिकन होती. ‘नवे जग युरोपियनांनी वसविले’ हे वाक्य आपण पाठ केले आहे. पण जंगल तोडणारे, ऊस, तंबाखू, कापूस पिकविणारे हात बहुतांशी कोणाचे होते, हे या एका आकड्यावरून समजते.

येथे आपणही मान वर करून चालण्यासारखी स्थिती नाही. आफ्रिकेतल्या काही राजांनी लढाईत धरलेली माणसे विकली, हे खरेच आहे. पण त्या माणसांच्या मोबदल्यात जो माल दिला जाई त्यात कापडाचा वाटा फार मोठा असे. आणि त्यातले पुष्कळसे कापड गुजरातच्या आणि चोळमंडळ किनाऱ्याच्या मागांवर विणलेले होते. आपल्या विणकराला त्याची कल्पना नव्हती. त्याचा धोटा चालला होता आणि दूर कोठे तरी त्या कापडावर माणसाची किंमत ठरत होती. गोव्याच्या बाजारातही पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलेली माणसे विकली गेली आहेत.

शहाणपण कोणाचे?

‘कष्ट त्यांचे असतील, पण डोके युरोपचे,’ असे कोणी म्हणेल. त्याला मी दोन माणसांची ओळख करून देतो. दोघेही गुलाम होते.

पहिला ओनेसिमस. हे त्याच्या मालकाने ठेवलेले नाव. आईबापांनी ठेवलेले नाव कोणी लिहूनच ठेवले नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरी कॉटन मॅथर नावाच्या धर्मोपदेशकाच्या घरी तो होता. ‘तुला देवी येऊन गेल्या का?’ असे मालकाने विचारले, तेव्हा त्याने मोठे चमत्कारिक उत्तर दिले : ‘होय आणि नाहीही.’ मग त्याने आपल्या मुलखातली रीत सांगितली. देवीच्या फोडातला थोडासा पू निरोगी माणसाच्या कातडीला चिरा पाडून त्यात भरायचा. माणूस थोडा आजारी पडतो आणि मग जन्मभर निर्धास्त होतो. १७२१ साली बोस्टनला देवीची भयंकर साथ आली. मॅथरच्या सांगण्यावरून बॉइल्स्टन नावाच्या डॉक्टरने सुमारे २४० जणांना अशी टोचणी केली. शहर खवळले. मॅथरच्या घरात कोणी तरी बाँब फेकला. पण साथ ओसरल्यावर हिशेब झाला तो असा : टोचलेल्यांपैकी ६ जण दगावले, न टोचलेल्या सुमारे ६००० रोग्यांपैकी ८०० हून अधिक.

टोचणीची चाल आपल्या देशातही होती, तुर्कस्तानातही होती. पुढे १७९६ साली इंग्लंडात जेन्नरने गायीच्या देवीची लस काढली आणि ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग मराठी घराघरांत शिरला. १९८० साली देवी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. जेन्नरचे नाव शाळेतले पोर सांगेल. ओनेसिमसचे नाव किती डॉक्टरांना ठाऊक असेल?

दुसरा एडमंड. आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात रेयुनियन नावाचे फ्रेंचांचे बेट आहे. तेथे १८२९ साली जन्मलेला हा गुलामाचा पोर. व्हॅनिलाची वेल मेक्सिकोची. ती तेथून जगभर नेली, वाढलीही. पण तिला शेंग धरेना, कारण फुलाचा संयोग घडविणारी माशी दुसरीकडे नव्हती. मोठमोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांना मळ्यात उपयोगी पडेल अशी युक्ती सापडली नव्हती. १८४१ साली या बारा वर्षांच्या मुलाने एक बारीक काडी घेतली, फुलातला पडदा हळूच उचलला आणि अंगठ्याने दाबून परागाचा संयोग करून दाखविला. एका फुलाला काही सेकंद पुरत. आजही मादागास्करच्या मळ्यांत व्हॅनिलाचे एकेक फूल याच रीतीने हाताने फळविले जाते. गुलामगिरी सुटल्यावर त्याला आडनाव मिळाले ‘अल्बियस’, म्हणजे पांढरा! १८८० साली तो दारिद्र्यात मेला. पुढच्या वेळी मुलांना व्हॅनिलाचे आइस्क्रीम देताना ही गोष्ट जरूर सांगावी.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी ज्या सज्जनांनी झीज सोसली त्यांना ते अर्पण केलेले आहे. पुण्यात बसून एक माळ्याचा मुलगा साता समुद्रांपलीकडच्या दुःखाशी आपले नाते जोडतो, हे मी वर्गात दरवर्षी मोठ्या अभिमानाने सांगतो. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. एरवी तो कधी बोलत नसे. त्याने विचारले, ‘‘सर, गुलामांना सोडविणारे कोण ते समजले. पण स्वतः गुलामांनी काय केले?’’

वर्गात थोडा हशा पिकला. मला मात्र त्या प्रश्नाचे मोल वाटले. तो तास मी पुस्तक मिटून ठेवले आणि त्या मुलाला हैतीची हकीकत सांगितली.

वेस्ट इंडीजमध्ये सँ दोमँग ही फ्रेंचांची वसाहत होती. १७८० नंतरच्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि कॉफीपैकी निम्म्याहून अधिक तेथून येई. सुमारे पाच लाख गुलाम तेथे राबत, आणि त्यांच्यातले निम्म्याहून जास्त आफ्रिकेत जन्मलेले होते. १७८९ साली पॅरिसमध्ये स्वातंत्र्य आणि समता यांची घोषणा झाली. पण ती या माणसांना लागू नव्हती. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला. तूसँ लूव्हेर्त्यूर हा जन्माने गुलाम असलेला माणूस त्यांचा सेनापती झाला. त्यांनी फ्रेंचांशी, स्पॅनिशांशी, इंग्रजांशी टक्कर दिली. नेपोलियनने मोठे सैन्य पाठविले. तूसँला दगा देऊन पकडले, आणि १८०३ साली तो फ्रान्समधल्या एका थंड किल्ल्यात मेला. तरीही लढाई थांबली नाही. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी उठून राज्य उलथले आणि आपले राष्ट्र स्थापन केले, असे जगाच्या इतिहासातले हे उदाहरण आहे.

याचा परिणाम हैतीपुरता राहिला नाही. हैती हातचा जाताच नेपोलियनला अमेरिकेतील साम्राज्याचा नाद सोडावा लागला. १८०३ साली त्याने लुइझियानाचा अवाढव्य प्रदेश अमेरिकेला दीड कोटी डॉलरला विकून टाकला, आणि अमेरिकेचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. आज जिला आपण महासत्ता म्हणतो ती त्या आकाराची होण्यात ऊसमळ्यांतल्या या बंडखोरांचा हात आहे. त्यांना बक्षीस काय मिळाले? १८२५ साली फ्रान्सने किनाऱ्यावर युद्धनौका उभ्या करून, बुडालेल्या ‘मालमत्तेची’ भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. मालमत्ता म्हणजे ती माणसेच! पुढे रक्कम कमी केली, तरी त्यासाठी काढलेल्या कर्जांची शेवटची फेड व्हायला १९४७ साल उजाडले.

आणि ज्या अमेरिकन सज्जनांना फुल्यांनी पुस्तक अर्पण केले, त्यांच्या बाजूने यादवी युद्धात सुमारे १ लाख ८० हजार काळे शिपाई लढले. ‘‘तेव्हा बाबा,’’ मी त्याला म्हटले, ‘‘त्यांनी हे केले.’’ तो काही बोलला नाही. पण पुढे तो मागच्या बाकावर बसेनासा झाला.

मुंबईचे देणे

त्या यादवी युद्धाचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते आणि त्यांच्या हातचा कापूस हा मँचेस्टरच्या गिरण्यांचा प्राण होता. इंग्लंडात येणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग तिकडून येई. १८६१ साली युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडविली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. इंग्रज व्यापारी हिंदुस्थानकडे धावले. वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि चार वर्षे मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचे वेड लागले. १८६५ साली युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला आणि कालचे लक्षाधीश रस्त्यावर आले.

पण त्या पुराचा गाळ मागे राहिला. त्या काळचे सट्टेबाजारातले बडे प्रस्थ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. त्या मनोऱ्याकडे पाहून कित्येक पिढ्यांनी आपली घड्याळे लावली. अमेरिकेतल्या कापसाच्या शेतावर वाकलेल्या आफ्रिकन बाईचा आणि त्या घड्याळाचा काही संबंध असेल, हे कोणाच्या मनात कशाला येईल?

मुंबईच्या गाण्याचेही तसेच आहे. त्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी अमेरिकेत जॅझ संगीत घडविले. ते मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत आले, गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी ते आत्मसात केले आणि त्यांच्यामार्फत ते सिनेमात शिरले. चिक चॉकोलेट या नावाने गाजलेला गोवेकर ट्रंपेटवादक आमच्या सी. रामचंद्रांचा साथीदार होता. १९५१ सालच्या ‘अलबेला’तल्या ज्या ठेक्यांवर सारा महाराष्ट्र डोलला, त्यांत या दूरच्या नात्याचा अंश आहे.

जहाजे भरून काय गेले?

विसाव्या शतकात तरी हिशेब चोख झाला का? १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर काढला आणि जगाला रबराची भूक लागली. त्या वेळी काँगो हा प्रचंड मुलूख बेल्जमचा राजा लिओपोल्ड याची खासगी जहागीर होती. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीतला मोरेल नावाचा कारकून बंदरावर हिशेब तपासत असे. त्याच्या ध्यानात आले की, काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंत यांनी भरून येतात; पण जाताना त्यांत व्यापाराचा माल नसतो, असतात बंदुका आणि काडतुसे. जेथे मोबदलाच जात नाही तेथे व्यापार कसला? ही गुलामगिरी आहे, हे त्या कारकुनाने वहीवरून ओळखले, नोकरी सोडली आणि युरोपभर आवाज उठविला. रबराचा ठरलेला भार न भरणाऱ्यांचे हात तोडले जात, याचे फोटो जगापुढे आले. १९०८ साली लिओपोल्डला काँगो सोडावा लागला.

त्याच काँगोच्या कटांगा प्रांतात शिंकोलोब्वे नावाची खाण होती. १९४० साली तेथले सुमारे १२०० टन युरेनियमचे खनिज न्यूयॉर्कच्या गोदामात जाऊन पडले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर जो अणुबाँब पडला त्याचे युरेनियम मुख्यतः या खाणीतले. अणुयुगाच्या इतिहासात आइन्स्टाइन आहे, ओपनहायमर आहे. पण ते खनिज खोदणारा मजूर नाही. आज आपल्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीला लागणारे कोबाल्ट निम्म्याहून बरेच अधिक काँगोतूनच येते. तेही हातांनी खोदणाऱ्यांत लहान मुले असतात.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी आपले शिपाई लढले, हे आपण जाणतो. त्यांच्याच शेजारी कलादान आणि कबाव यांच्या खोऱ्यांतून ८१ वी आणि ८२ वी पश्चिम आफ्रिकी डिव्हिजन, तसेच ११ वी पूर्व आफ्रिकी डिव्हिजन लढत होती. हिंदुस्थानच्या वेशीवर आलेला शत्रू मागे रेटताना नायजेरिया, घाना, केनिया येथले जवान मेले. आपल्या वेशीवर त्यांनी रक्त सांडले, आणि त्यांची साधी ओळखही आपण ठेवली नाही.

आपल्या दारात

महाराष्ट्राला तर हे सारे कोणी बाहेरून शिकवायला नको होते. इथिओपियात जन्मलेला, बाजाराबाजारांत विकला गेलेला एक मुलगा दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. तो मलिक अंबर. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसविले. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. त्याने खापराच्या नळांतून त्या शहरात खेळविलेले पाणी शतकानुशतके वाहिले. त्याने जमिनी मोजून बसविलेला सारा ‘मलिकंबरी’ म्हणून प्रसिद्ध झाला. मालोजी आणि शहाजी या भोसल्यांनी त्याच्याबरोबर तलवार चालविली. ज्या गनिमी काव्याचा आपण अभिमान बाळगतो, त्याचे डाव त्याने मराठी घोडेस्वारांना बरोबर घेऊन मोगलांवर टाकले होते. इतके असून त्याच्या जातीवरून आलेला ‘हबशी’ हा शब्द मराठीत आपण कशासाठी वापरतो? काळ्या, आडदांड माणसाला हिणविण्यासाठी! हबश म्हणजे इथिओपिया, एवढाच त्याचा अर्थ. शब्दाचा काही दोष नाही. तो उच्चारणाऱ्या जिभेचा आहे.

हा काही नुसता शब्दांचा खेळ नव्हे. पुण्या-मुंबईत आफ्रिकेतून शिकायला आलेली मुले आहेत. आमच्या कॉलेजात टांझानियाचा एक मुलगा होता. सुशील, अभ्यासू. त्याला भाड्याने खोली मिळवून देण्यासाठी मी त्याच्याबरोबर चार दारे हिंडलो. पत्ता पाहून हसतमुखाने दार उघडणारे त्याला पाहताच ‘खोली कालच गेली’ म्हणत. एका घरी तर बाईंनी त्याच्यादेखत मला मराठीत विचारले, ‘‘हे लोक खातात तरी काय?’’ मी काही बोलायच्या आतच तो मुलगा मोडक्या मराठीत म्हणाला, ‘‘भाकरी आवडते.’’ आणि मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, ‘‘ज्वारीला आमच्याकडे म्तामा म्हणतात. माझी आई त्याच्या पिठाची उकड करते.’’ खोली त्याला तेथे मिळाली नाही. पुढे दुसरीकडे मिळाली. त्याने बी.कॉम. पुरे केले आणि तो आपल्या देशी गेला. येथली आठवण म्हणून त्याने काय नेले असेल, याचा विचार मनात आला की बरे वाटत नाही.

वाचकहो, ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला त्यांचे काय होते, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. इंग्रजांच्या पुस्तकांत आपणही बरीच वर्षे सुधारणेची वाट पाहत बसलेले लोक होतो. ते चित्र पुसण्यासाठी आपल्याकडे राजवाडे गावोगाव दप्तरे शोधीत हिंडले. तोच न्याय दुसऱ्यांना द्यायची वेळ आली की आपण इंग्रजांचेच जुने पुस्तक उघडून बसतो, हे काही बरे नव्हे.

आफ्रिकेवर कोणी दया करावी असे मला म्हणायचे नाही. सोने, साखर, कापूस, लस, संगीत, स्वातंत्र्याचा लढा, या साऱ्यांत ज्यांचा वाटा आहे त्यांना दया नको. वहीत नाव हवे. दिवाळीत आपण नवी वही उघडतो, तिला हळदकुंकू वाहतो. देणे कोणाचे आहे ते आधी लिहावे आणि मग येणे, हा जुन्या सचोटीच्या पेढ्यांचा शिरस्ता होता. मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात आफ्रिकेचा नकाशा असतो. सुट्टीत एकदा तो उघडून त्यांना एल्मिना, मालिंदी, रेयुनियन, कटांगा दाखवावे. आणि त्या दिवशी घरात भाकरी असेल, तर ती मूळची कोठली तेही सांगावे.